पटकथेचा चोख व्यवहार

१९१५-१६ च्या सुमारास ‘वर्ल्ड फिल्म’ या अमेरिकन चित्रपट कंपनीचे प्रमुख विल्यम ब्रॅडी यांच्याकडे पंचविशी उलटलेली एक तरुणी लेखिकेचे काम मागण्यासाठी आली. फ्रान्सिस मॅरियन हे तिचे नाव. दाखविण्यासारखे तिच्यापाशी फारसे काही नव्हते. मेरी पिकफर्डसाठी लिहिलेली ‘द फाउंडलिंग’ ही तिची पटकथा १२५ डॉलरना विकली गेली होती. चित्रपट पूर्णही झाला होता. परंतु त्याच्या प्रती निघण्यापूर्वीच सप्टेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओला आग लागली आणि मूळ निगेटिव्ह जळून खाक झाली. पुढे तो चित्रपट नव्याने चित्रित करण्यात आला, पण त्या घडीला लेखिकेच्या पदरी पुरावा म्हणून राखेपलीकडे काहीच उरले नव्हते. अशा स्थितीत दोन आठवडे बिनपगारी काम करून दाखविण्याच्या अटीवर तिला कंपनीत प्रवेश मिळाला.

दोन आठवडे फुकट राबणे हा व्यवहार वरवर पाहता तोट्याचा दिसतो. फ्रान्सिसने मात्र त्या चौदा दिवसांत नवी कथा लिहिण्याच्या फंदात न पडता कंपनीच्या कपाटात धूळ खात पडलेल्या रिळांकडे मोर्चा वळविला. प्रदर्शनास अयोग्य ठरवून बाजूला टाकलेले अनेक चित्रपट तेथे होते. त्यांतील एका चित्रपटाची नायिका खुद्द ब्रॅडी यांची कन्या अॅलिस ही होती. करुण प्रसंगांवर हसू यावे, असा तो फसलेला मेलोड्रामा होता. फ्रान्सिसने त्याला एक नवी सुरुवात आणि एक नवा शेवट लिहिला. मधला भाग जवळजवळ तसाच राहिला, पण आता तो जाणीवपूर्वक केलेला विनोद वाटू लागला. बुडीत खाती जमा झालेला हा माल वितरणासाठी ९,००० डॉलरना विकला गेला आणि ब्रॅडी यांनी या लेखिकेशी आठवड्याला २०० डॉलरचा करार केला.

हॉलिवूडच्या इतिहासात फ्रान्सिस मॅरियनचे नाव दोन ऑस्कर पारितोषिके मिळविणारी पहिली पटकथाकार म्हणून नोंदले गेले आहे. तिच्या प्रतिभेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि तिच्या कारकिर्दीचे खरे वेगळेपण कपाटातील त्या रिळांच्या प्रसंगात दिसते. निर्मात्याचे पैसे कोठे अडकले आहेत, हे तिला लेखणी उचलण्यापूर्वी कळले होते. पटकथा ही चित्रपटगृहाच्या खिडकीवर विकली जाणारी वस्तू आहे, ही जाण तिने अखेरपर्यंत सोडली नाही. त्या जाणिवेने तिला वीस वर्षे शिखरावर ठेवले, आणि शेवटी तिची जी कोंडी झाली तीही याच बाजारात झाली.

१८ नोव्हेंबर १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तिचा जन्म झाला. मूळ नाव मॅरियन बेन्सन ओवेन्स. वडील जाहिरात व्यवसायात होते. ती लहान असतानाच आई-वडिलांचा घटस्फोट झाला. वयाच्या बाराव्या वर्षी शिक्षकाचे व्यंगचित्र काढताना ती पकडली गेली आणि त्या शाळेतील शिक्षण तेथेच संपले. दुसऱ्या शाळेत काही काळ काढल्यानंतर सोळाव्या वर्षी तिने शहरातील मार्क हॉपकिन्स कला संस्थेत प्रवेश घेतला. १९०६ च्या भूकंपानंतर भडकलेल्या आगीत ही संस्थाही नष्ट झाली. त्याच वर्षी तिने पहिला विवाह केला. तो टिकला नाही. दुसराही टिकला नाही. मधल्या वर्षांत तिने प्रसिद्ध छायाचित्रकार आर्नोल्ड गेन्थ यांच्याकडे मदतनीस म्हणून काम केले, रेल्वे कंपनीसाठी चित्रे काढली आणि ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ या दैनिकात काही दिवस वार्ताहराची नोकरी केली. त्यानंतर ती लॉस एंजेलिसला आली ती ऑलिव्हर मोरोस्को यांच्या नाटक कंपनीची भित्तिचित्रे रंगविण्यासाठी. एका चित्रात अख्ख्या नाटकाचे आकर्षण मांडायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायचे, हा त्या कामाचा हेतू. पुढील आयुष्यात तिने शब्दांतून जे केले, त्याची ही पूर्वतयारी म्हणावी लागेल.

चित्रपटात तिला आणले लोइस वेबर यांनी. आज या नावाची ओळख फारशी उरलेली नाही, पण त्या काळातील आघाडीच्या दिग्दर्शकांत वेबर यांची गणना होत असे. १९१४ मध्ये बॉसवर्थ कंपनीत त्यांनी या मुलीला आपल्या हाताखाली घेतले. फ्रान्सिस मॅरियन हे नाव तिने येथेच धारण केले. कंपनीत कामाची विभागणी अशी नव्हतीच. पडेल ते करावे लागे. तिने किरकोळ भूमिका केल्या, पोशाख पाहिले, रिळे कापून जोडण्याच्या कामात हात घातला, प्रसिद्धीचा मजकूर लिहिला. मूकपटातील गर्दीच्या दृश्यांत नट तोंडाने काहीबाही पुटपुटत आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणारे कर्णबधिर प्रेक्षक त्याबद्दल तक्रार करीत. तेव्हा अशा नटांसाठी योग्य ती वाक्ये लिहून देण्याचे काम तिच्याकडे आले आणि तेच तिचे पहिले चित्रपटलेखन, असे सांगितले जाते. जे वाक्य कोणालाही ऐकू येणार नाही ते लिहिण्यापासून पटकथाकाराची कारकीर्द सुरू व्हावी, ही गमतीचीच गोष्ट.

वेबर यांनी बॉसवर्थ सोडून युनिव्हर्सलची वाट धरली तेव्हा फ्रान्सिस त्यांच्याबरोबर गेली नाही. तोपर्यंत तिची मेरी पिकफर्डशी मैत्री झाली होती आणि पिकफर्ड ही लोकप्रियतेच्या शिखराकडे निघालेली अभिनेत्री होती. या मैत्रीत खरा जिव्हाळा होता आणि ती पुढे दीर्घकाळ टिकली. तरी त्या निवडीमागे व्यवसायाचे गणितही होते, हे नाकारता येत नाही. प्रेक्षक लेखकाच्या नावावर तिकीट काढीत नव्हते, ते नटीच्या नावावर काढीत. ज्या लेखकाचे लिखाण त्या नटीला शोभून दिसेल, त्याचे मोल नटीच्या मोलाबरोबर वाढणार होते.

‘वर्ल्ड फिल्म’मध्ये ती लवकरच लेखन विभागाची प्रमुख झाली. तेथील सुमारे ५० चित्रपट तिच्या नावावर सांगितले जातात. आजच्या दृष्टीने हा आकडा अविश्वसनीय वाटेल. पण ते चित्रपट बहुधा पाच-सहा रिळांचे असत, चित्रण काही आठवड्यांत आटोपे आणि चित्रपटगृहांना सतत नवा माल लागे. या कारखान्यात तिने जो वेग आणि जी शिस्त कमावली, तिचा उपयोग तिला जन्मभर झाला.

१९१७ मध्ये आलेल्या ‘द पुअर लिटल रिच गर्ल’ने तिचे दिवस पालटले. २४ वर्षांच्या पिकफर्डने यात अकरा वर्षांच्या श्रीमंत, पण आई-वडिलांच्या सहवासाला पारख्या झालेल्या मुलीची भूमिका केली होती. दिग्दर्शक मॉरिस टूर्नर हे गंभीर प्रकृतीचे कलावंत. मूळ कथानकात नसलेल्या चिखलफेकीसारख्या दंगामस्तीच्या जागा फ्रान्सिस आणि मेरी यांनी घातल्या, त्या टूर्नर यांना मुळीच पसंत नव्हत्या. चित्रपट तयार झाल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी तो पाहिला आणि सगळे गप्प झाले. कोणीही हसले नाही. आपण मेरीच्या कारकिर्दीचा घात केला, या भावनेने लेखिका खचली. मेरीला तर पुढचे दोन चित्रपट सेसिल बी. डेमिल यांच्या कडक देखरेखीखाली करावे लागले. मार्च १९१७ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. ज्या जागांवर वरिष्ठ गप्प बसले होते, नेमक्या त्याच जागांवर चित्रपटगृहात हशा उसळत होता.

या यशानंतर फेमस प्लेयर्स-लास्की कंपनीने फ्रान्सिसशी वर्षाला ५०,००० डॉलरचा करार केला. पिकफर्डची अधिकृत पटकथाकार हे तिचे पद ठरले. दोन वर्षांपूर्वीच्या १२५ डॉलरशी ताडून पाहिले म्हणजे ही झेप ध्यानात येते. ‘रिबेका ऑफ सनीब्रुक फार्म’, ‘अ लिटल प्रिन्सेस’, ‘स्टेला मॅरिस’ हे चित्रपट त्यापाठोपाठ आले. यांतील ‘स्टेला मॅरिस’मध्ये पिकफर्डने दोन भूमिका केल्या. त्यांपैकी अनाथ, कुरूप मुलीची भूमिका तिच्या लाडक्या प्रतिमेच्या पूर्ण विरुद्ध होती. विकले जाते म्हणून तेच ते लिहायचे, असा फ्रान्सिसचा व्यवहार नव्हता. एकदा पत निर्माण झाली की त्या पतीवर थोडा धोका पत्करता येतो, हे ती जाणून होती.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भरभराटीची कारकीर्द बाजूला ठेवून ती फ्रान्सला गेली. युद्धकार्यातील स्त्रियांच्या सहभागाचे चित्रण आणि वार्तांकन हे तिचे काम होते. युद्धविरामानंतर ऱ्हाईन नदी ओलांडणारी ती पहिली अमेरिकन स्त्री, असे म्हटले जाते. परत आल्यावर तिने फ्रेड थॉमसन यांच्याशी १९१९ मध्ये विवाह केला. थॉमसन हे सैन्यातील धर्मोपदेशक आणि नावाजलेले क्रीडापटू.

वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या कॉस्मोपॉलिटन या चित्रसंस्थेसाठी तिने लिहिलेला ‘ह्यूमरेस्क’ १९२० मध्ये पडद्यावर आला. फॅनी हर्स्ट या लेखिकेच्या कथेवरील हा चित्रपट न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू कुटुंबाचा आणि त्यातील व्हायोलिनवादक मुलाचा. अशा कुटुंबाची गोष्ट कोण पाहणार, अशी शंका उद्योगातील जाणत्यांना होती. चित्रपट गाजला आणि ‘फोटोप्ले’ या नियतकालिकाने वर्षातील सर्वोत्तम चित्रपटासाठी नव्याने सुरू केलेले पहिले पदक त्याने मिळविले. याच सुमारास तिने दिग्दर्शनही करून पाहिले. ‘जस्ट अराउंड द कॉर्नर’ आणि पिकफर्डची भूमिका असलेला ‘द लव्ह लाइट’ हे १९२१ मधील चित्रपट तिच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले. परंतु दिग्दर्शनात ती रमली नाही. आपले खरे बळ कागदावर आहे, हे ओळखून ती मुकाट्याने परतली. मोह आवरण्याची ही बुद्धी या व्यवसायात फार थोड्यांना असते.

‘द लव्ह लाइट’मध्ये भूमिका केलेले फ्रेड थॉमसन पुढे वेस्टर्न चित्रपटांचे मोठे नायक झाले. सिल्व्हर किंग हा त्यांचा घोडाही त्यांच्याइतकाच प्रसिद्ध होता. या चित्रपटांपैकी काहींचे लेखन फ्रँक एम. क्लिफ्टन या नावाने झाले आहे. हे गृहस्थ म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून फ्रान्सिसच. मोठ्या संस्थांकडे साहित्यकृतींचे रूपांतर करणारी लेखिका आणि घोडदौडीचे झटपट चित्रपट लिहिणारा लेखक, अशी दोन दुकाने तिने दोन पाट्यांखाली चालविली. एकाच्या मालाचा भाव दुसऱ्यामुळे उतरू दिला नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील तिच्या कामाचा व्याप थक्क करणारा आहे. सॅम्युएल गोल्डविन यांच्यासाठी ‘स्टेला डॅलस’ आणि ‘द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ’, रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा अखेरचा चित्रपट ‘द सन ऑफ द शेख’, एमजीएमसाठी ‘द स्कार्लेट लेटर’ आणि ‘द विंड’. आई-मुलीचे नाते, वाळवंटातील प्रणय, हॉथॉर्नची अभिजात कादंबरी हे सारे एकाच लेखणीतून उतरत होते. रूपांतराचे तिचे तंत्र या चित्रपटांत पाहता येते. कादंबरीतील घटनांपेक्षा पात्राची एखादी ठळक गरज ती पकडी आणि बाकीचे त्याभोवती रचून घेई. मूकपटाच्या माध्यमात शब्द फार थोडे. भावना कृतीतून दाखवावी लागे. चित्रकलेचे शिक्षण येथे कामी आले असले पाहिजे. ‘द विंड’ हा या कामाचा कळस मानला जातो. निर्जन प्रदेशातील सततच्या वाऱ्याने भ्रमिष्ट होत गेलेली तरुणी लिलियन गिशने साकारली आहे. मोहावी वाळवंटात, असह्य उष्म्यात त्याचे चित्रण झाले. पण १९२८ च्या अखेरीस तो प्रदर्शित झाला तेव्हा बोलपटाचे युग सुरू झाले होते आणि प्रेक्षक मूकपटाकडे पाठ फिरवू लागले होते. धंद्यात तो साफ आपटला.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी फ्रेड थॉमसन यांचे धनुर्वाताने निधन झाले. तबेल्यात पायात खिळा घुसल्याचे निमित्त झाले होते आणि रोगाचे निदान वेळेवर झाले नाही. पदरी दोन लहान मुलगे होते, एक पोटचा आणि एक दत्तक. बेव्हर्ली हिल्सवर वास्तुविशारद वॉलेस नेफ यांच्याकडून मोठ्या हौसेने बांधून घेतलेला ‘द एंचँटेड हिल’ हा प्रासाद तिने विकून टाकला. मोठे मानधन मिळविणारी लेखिका यापूर्वीही ती होतीच. आता ते मानधन दोन मुलांचा आधार झाले.

बोलपटाने मूकपटाच्या कित्येक तारकांची आणि लेखकांची कारकीर्द एका फटक्यात संपविली. फ्रान्सिसच्या बाबतीत उलटे घडले. एमजीएमने ग्रेटा गार्बोला बोलते करण्यासाठी युजीन ओ’नील यांचे ‘अॅना ख्रिस्ती’ हे नाटक निवडले, तेव्हा पटकथेचे काम तिच्याकडे आले. १९३० मध्ये हा चित्रपट आला. गार्बोचा आवाज ऐकण्यासाठी अमेरिका लोटली. पण चित्रपटातून बाहेर पडणारे प्रेक्षक आणखी एका नटीविषयी बोलत होते. ती म्हणजे मेरी ड्रेसलर.

ड्रेसलर हा फ्रान्सिसच्या आयुष्यातील एक सुंदर अध्याय आहे. फ्रान्सिस सॅन फ्रान्सिस्कोत नवखी वार्ताहर असताना रंगभूमीवरील या ज्येष्ठ विनोदी अभिनेत्रीने तिला आपुलकीने वागविले होते. ते फ्रान्सिस विसरली नव्हती. साठीकडे झुकलेली ड्रेसलर कामाविना विपन्नावस्थेत असल्याचे कळताच तिने ‘द कॅलाहान्स अँड द मर्फीज’ ही पटकथा तिच्यासाठी लिहिली आणि एमजीएमचे निर्मितिप्रमुख अर्व्हिंग थॅलबर्ग यांच्या गळी उतरविली. १९२७ चा हा चित्रपट आयरिश समाजाच्या निषेधामुळे मागे घ्यावा लागला. पहिला प्रयत्न फसला म्हणून तिने नाद सोडला नाही. ‘अॅना ख्रिस्ती’तील दारुड्या म्हातारीच्या भूमिकेसाठी तिने पुन्हा ड्रेसलरचेच नाव लावून धरले.

पुढचा डाव तर अधिकच धाडसी होता. लोर्ना मून ही तिची लेखिका मैत्रीण क्षयाने अंथरुणाला खिळली होती आणि उपचारांसाठी पैशाची निकड होती. मूनच्या ‘डार्क स्टार’ या कादंबरीचे हक्क स्टुडिओने विकत घ्यावेत, यासाठी फ्रान्सिसने थॅलबर्ग यांना ड्रेसलरला साजेशी, विनोदाने भरलेली एक कथा रंगवून सांगितली. त्या कथेचा मूळ गंभीर कादंबरीशी नावापुरताच संबंध होता. हक्क विकत घेतले गेले, पैसे मैत्रिणीपर्यंत पोहोचले. आता सांगितलेली कथा प्रत्यक्ष लिहिणे भाग होते. त्यातून ‘मिन अँड बिल’ जन्माला आला. मून १९३० च्या मे महिन्यात निधन पावली, चित्रपट पाहू शकली नाही. ड्रेसलरला या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले आणि पुढील काही वर्षे ती अमेरिकेतील सर्वाधिक गर्दी खेचणारी तारका ठरली. व्यवहार या दृष्टीने पाहिले तर फ्रान्सिसने निर्मात्याची फसवणूक केली, असे कोणी म्हणू शकेल. पण निर्मात्याच्या तिजोरीत त्या फसवणुकीने जी भर घातली, ती पाहता थॅलबर्ग यांना तक्रारीला जागा नव्हती.

तिला स्वतःला पहिले ऑस्कर मिळाले ते मात्र विनोदी किंवा स्त्रीप्रधान चित्रपटासाठी नव्हे. ‘द बिग हाऊस’ हा तुरुंगातील कैद्यांवरचा, दंगलीने शेवट होणारा चित्रपट होता. त्यासाठी ती सॅन क्वेंटिन तुरुंगात जाऊन आली. तेथील दिनक्रम, भोजनगृह, कैद्यांची बोली यांचा तिने अभ्यास केला. दिग्दर्शक जॉर्ज हिल यांच्याशी १९३० च्या आरंभी तिचा विवाह झाला होता. हा विवाह तीनच वर्षे टिकला आणि हिल यांनी १९३४ मध्ये आत्महत्या केली. चित्रपटाच्या पूर्वप्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांना तो आवडेना. तुरुंगातून पळालेला नायक सोबत्याच्या पत्नीच्या प्रेमात पडतो, हे त्यांना खटकल्याचे थॅलबर्ग यांनी ओळखले. काही दृश्ये नव्याने चित्रित करून पत्नीची बहीण करण्यात आली आणि चित्रपट तरला. नोव्हेंबर १९३० मध्ये लेखनाचे ऑस्कर मिळविणारी पहिली स्त्री म्हणून फ्रान्सिसचे नाव पुकारले गेले. पुढे ‘द चॅम्प’ या उतरत्या काळातील मुष्टियोद्ध्याच्या आणि त्याच्या लहान मुलाच्या चित्रपटाने तिला १९३२ मध्ये मूळ कथेसाठी दुसरे ऑस्कर मिळवून दिले.

येथवरची कहाणी चढत्या आलेखाची आहे. तिला किती अधिकार होता, हा प्रश्न मात्र वेगळा. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतील बँका बंद पडल्या तेव्हा स्टुडिओंनी कर्मचाऱ्यांच्या वेतनात आठ आठवड्यांसाठी निम्म्यापर्यंत कपात जाहीर केली. लेखकांत असंतोष उसळला. एप्रिल १९३३ मध्ये स्क्रीन रायटर्स गिल्ड ही संघटना नव्याने उभी राहिली. जॉन हॉवर्ड लॉसन अध्यक्ष झाले, फ्रान्सिस मॅरियन उपाध्यक्ष. उद्योगातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या लेखकांपैकी ती एक होती. कपात सोसूनही तिचे घर चालले असते. पण श्रेयनामावलीत कोणाचे नाव घालायचे हे स्टुडिओ ठरवी. एका लेखकाची पटकथा न कळविता दुसऱ्याच्या हाती दिली जाई आणि सामान्य लेखकाला आठवडाभराच्या सूचनेवर घरी पाठविता येई. तेव्हा तिने आपले नाव या संघटनेमागे उभे केले. मालकांनी गिल्डला मान्यता देण्यास वर्षानुवर्षे नकार दिला. १९३८ मध्ये सरकारी देखरेखीखाली झालेल्या मतदानात गिल्ड विजयी झाली, तरी पहिला करार पदरात पडायला पुढचे दशक उजाडावे लागले.

तोवर कामाची पद्धतच बदलली होती. ‘डिनर अॅट एट’ किंवा गार्बोचा ‘कॅमिल’ यांसारख्या चित्रपटांच्या श्रेयात तिच्या नावाशेजारी इतरांची नावे येऊ लागली. एकाने कथा बांधायची, दुसऱ्याने संवाद लिहायचे, तिसऱ्याने ते सुधारायचे आणि सर्वांवर एक पर्यवेक्षक, असा हा नवा कारखाना होता. मूकपटाच्या काळात ती चित्रणस्थळी असे, नटांशी बोले, रिळे कापली जाताना हजर असे. पटकथेच्या कागदापासून पडद्यापर्यंतचा प्रवास ती पाहू शकत होती, म्हणून तिच्या लेखनाला बाजारात किंमत होती. आता लेखकाने आपल्या खोलीत पाने लिहावीत आणि ती वर पाठवावीत, एवढेच उरले. सप्टेंबर १९३६ मध्ये थॅलबर्ग यांचा अकाली मृत्यू झाला आणि तिच्या शब्दाला एमजीएममध्ये जे वजन होते, तेही सरले.

१९३७ मध्ये तिने एक पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रपटकथा लिहाव्यात कशा आणि विकाव्यात कशा, हा त्याचा विषय. शीर्षकात लिहिण्याइतकेच महत्त्व विकण्याला होते, यात तिचा स्वभाव दिसतो. होतकरूंना चित्रणासाठी तयार केलेली पटकथा प्रत्यक्ष कशी असते हे सहसा पाहायला मिळत नसे, म्हणून रॉबर्ट शेरवूड यांनी लिहिलेली ‘मार्को पोलो’ची संपूर्ण पटकथा तिने पुस्तकात छापली. नमुन्यासाठी तिने स्वतःची एकही पटकथा न निवडता दुसऱ्याची निवडली, हे विशेष. हे पुस्तक निघाले त्या सुमारास उद्योगाची दारे बाहेरच्या लेखकांसाठी बंद होत चालली होती. साहित्यचौर्याच्या दाव्यांच्या धास्तीने स्टुडिओ अनाहूत हस्तलिखिते न उघडताच परत पाठवीत. विक्रीची कला शिकविणारे पुस्तक बाजार आकसत असताना बाहेर पडले.

लंडनला जाऊन तिने अलेक्झांडर कोर्डा यांच्या ‘नाइट विदाउट आर्मर’साठी लेखन केले. १९४० चा ‘ग्रीन हेल’ हा जंगलातील साहसपट सपशेल पडला. १९४६ मध्ये तिने हॉलिवूडला रामराम ठोकला. सव्वाशेहून अधिक चित्रपटांच्या लेखनश्रेयात नाव असलेल्या या लेखिकेच्या वाट्याला आता नवे काम येत नव्हते, आणि येत होते ते तिला करावेसे वाटत नव्हते. तिने कादंबऱ्या लिहिल्या, चित्रे काढली, मूर्तिकाम केले. मातीला आकार देताना कोणी पर्यवेक्षक मध्ये येत नसे. १९७२ मध्ये तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःविषयी तिने हात राखूनच लिहिले. बरीच पाने मेरी पिकफर्ड, मेरी ड्रेसलर, थॅलबर्ग यांनी व्यापली आहेत. तिच्या स्वतःच्या कारकिर्दीची सविस्तर उजळणी होण्यासाठी कॅरी बोशॅम्प यांनी लिहिलेल्या १९९७ मधील चरित्राची वाट पाहावी लागली.

१२ मे १९७३ रोजी लॉस एंजेलिस येथे तिचे निधन झाले. त्या वेळी ती ८४ वर्षांची होती. ‘द चॅम्प’ची कथा एमजीएमच्या मालकीची होती. १९५३ मध्ये त्याच कथेवर मुष्टियोद्ध्याऐवजी विदूषक घालून ‘द क्लाउन’ काढण्यात आला होता. तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९७९ मध्ये, फ्रँको झेफिरेली यांनी ‘द चॅम्प’ मूळ नावानिशी पुन्हा पडद्यावर आणला. नट नवे होते, दिग्दर्शक नवा होता, पटकथाही नव्याने लिहिली होती. श्रेयनामावलीत कथेसाठी नाव होते फ्रान्सिस मॅरियनचे.